अण्णांच्या कॅसेटी : एका कॅमेरामनच्या संग्रहाच्या प्रकल्प नोंदी

16 जून 2024

इंदुरात तीस वर्षांहून अधिक काळ दूरचित्रवाणीसाठी कॅमेरा चालवणारे अण्णा यंदाच्या पौषात गेले. राजेंद्र नगरातल्या त्यांच्या घरी दोन लोखंडी कपाटे भरून कॅसेटी आहेत. त्या पुन्हा पाहता येतील अशा स्थितीत आणाव्यात, त्यांची सूची करावी आणि अण्णांनी आयुष्यभर काय पाहिले व कसे पाहिले हे त्यांच्याच चित्रणातून दाखवणारा एक कार्यक्रम दिवाळीनंतर रामबागेतल्या एका मराठी संस्थेच्या सभागृहात करावा, असे वहिनींशी आणि पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलीशी बोलून ठरले. कामाची जबाबदारी माझ्याकडे आहे. मी संकलक. अण्णांनी आणलेले कच्चे चित्रण, आमच्या बोलण्यात रशेस, मी वर्षानुवर्षे टेबलावर पाहिले आणि त्यातून बातम्या व माहितीपट बांधले. अण्णा मोजके बोलत. त्यांच्याविषयी मला जे ठाऊक आहे ते बहुतेक त्यांच्या चित्रणातूनच ठाऊक आहे.

कॅमेरामनच्या कामाची नोंद फारशी कुठे उरत नाही. बातमीत चेहरा आणि आवाज वार्ताहराचा असतो. हिंदी वाहिन्यांवर तो शेवटी ‘कॅमेरामन अमुक यांच्यासह’ असे म्हणून नाव घेतो, तेही घाईच्या दिवशी गाळले जाते. त्यातून कॅसेटी महाग असल्यामुळे प्रसारण झाले की त्याच कॅसेटवर दुसऱ्या दिवशीचे चित्रण करण्याची रीत होती. अण्णा ज्या संस्थांसाठी काम करत त्यांतल्या एकीने तर त्यांचे दोन वर्षांचे काम असेच पुसून टाकले. तेव्हापासून त्यांनी स्वतःच्या पैशाने कॅसेटी घ्यायला सुरुवात केली आणि जे ठेवावेसे वाटले ते घरी नेऊन ठेवले. म्हणूनच हा संग्रह आहे. त्यात सुरुवातीच्या काळातल्या व्हीएचएस, थोड्या यू-मॅटिक, मग बीटाकॅम एसपी आणि 2000 नंतरच्या मिनी डीव्ही, असे चारही प्रकार आहेत.

23 जून 2024

आज पहिल्या कपाटाची वर्गवारी झाली. प्रत्येक कॅसेटच्या डबीत अण्णांनी हाताने लिहिलेले एक कार्ड आहे. कामाची कार्डे सगळेच कॅमेरामन लिहितात. त्यांवर विषय, तारीख आणि बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया, देणाऱ्यांची नावे असतात. अण्णांच्या कार्डांवर विषयाच्या आधी प्रकाश आणि वारा येतो. एक कार्ड जसेच्या तसे उतरवून ठेवते : ‘मांडू, जहाज महाल. दु. 4. ढग खाली. वारा मुंज तलावाकडून. आवाज चांगला, जपणे.’ दुसरे 1996 मधले आहे : ‘राजवाडा, पहाटे. झाडणाऱ्या बाया. खराट्याचा आवाज दोन्ही बाजूंनी.’ स्वच्छतेच्या सर्वेक्षणात इंदूर देशात पहिले आले ते 2017 मध्ये. त्याच्या वीस-एकवीस वर्षे आधी हा माणूस बातमीचे काही काम नसताना पहाटे राजवाड्यासमोर उभा राहून झाडूचा आवाज टिपत होता, याचे मला मनापासून अप्रूप वाटले.

सूचीचे रकाने या कार्डांवरूनच ठरवले : कॅसेट क्रमांक, प्रकार, तारीख, जागा, प्रकाश, आवाज, व्यक्ती, स्थिती. ‘प्रकाश’ आणि ‘आवाज’ हे रकाने एरवीच्या संग्रहसूचीत सापडणार नाहीत, परंतु अण्णांची सूची त्यांच्याखेरीज पुरी होणार नाही. ‘व्यक्ती’ हा रकाना जवळजवळ सगळीकडे रिकामा आहे. ज्यांची नावे बातमीत येत नाहीत अशाच लोकांकडे अण्णांचा कॅमेरा वळत असल्यामुळे त्यांची नावे कुठे लिहिलेलीच नाहीत.

7 जुलै 2024

पावसाची झोड लागली आहे आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या कॅसेटींवर बुरशी आहे. फिरकीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. अशी कॅसेट डेकमध्ये, म्हणजे कॅसेट चालवण्याच्या यंत्रात, घालायची नाही. बुरशी फीत वाचणाऱ्या हेडवर जाते, हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते आणि चांगल्या कॅसेटीही नासतात. या कॅसेटी वेगळ्या करून हवाबंद डब्यांत सिलिका जेलसह ठेवल्या. त्या पूर्ण कोरड्या झाल्यावर उघडून हाताने पुसायच्या आहेत, तोवर त्यांना हात लावायचा नाही.

बाकीच्या कॅसेटी उभ्या ठेवल्या. आडव्या ठेवल्या की फितीचे वेटोळे एका बाजूला बसते आणि कड दुमडते. ज्यांना वर्षानुवर्षे कुणी हलवले नव्हते त्या डेकमध्ये लावण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळून घेत आहोत, म्हणजे फितीचा ताण सगळीकडे सारखा होतो. काम कंटाळवाणे आहे, पण वहिनी स्वतः शेजारी बसून प्रत्येक कॅसेटची डबी पुसून देतात आणि त्यांना आठवेल ते सांगतात, त्यामुळे दुपार कशी जाते ते कळत नाही.

21 जुलै 2024, गुरुपौर्णिमा

अण्णांच्या हाताखाली शिकलेले दोघे कॅमेरामन आज आले. दोघेही आता नावाजलेले आहेत. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते, कारण कॅसेटींतून ती कधीच कळली नसती. नवा मुलगा आला की अण्णा कॅमेऱ्यावरच्या झूमच्या बटणावर काळी टेप चिकटवत आणि महिनाभर ती काढू देत नसत. जवळचे चित्र हवे असेल तर चालत जवळ जायचे, आणि जिथे जवळ जाणे बरे दिसत नाही तिथे जवळचे चित्र घ्यायचे नाही. रडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर दुरून झूम मारणे त्यांना मुळीच खपत नसे. त्यातल्या एकाने त्यांचे शब्द सांगितले : “त्याला दिसू दे की आपण बघतोय. मग तो ठरवेल.”

खांद्यावर सात-आठ किलोंचा बीटाकॅम घेऊन गर्दीतून चालत पुढे जायचे, श्वास रोखायचा, गुडघे किंचित वाकवून उभे राहायचे, हे दोघांनीही आज उभे राहून करून दाखवले. पन्नाशी उलटलेल्या त्या दोघांच्या खांद्यांची ठेवण अगदी अण्णांसारखी आहे.

28 जुलै 2024

अंकीकरणाची पद्धत आज पक्की केली. मिनी डीव्हीवरची माहिती मुळात अंकांतच असल्याने ती फायरवायरच्या तारेने जशीच्या तशी उतरवायची. एका तासाच्या चित्रणाची धारिका सुमारे 13 जीबी होते. बीटाकॅम, यू-मॅटिक आणि व्हीएचएस यांच्या बाबतीत मात्र चित्र डेकमधून टाइम बेस करेक्टर या डळमळते चित्र स्थिर करणाऱ्या यंत्रामार्फत घेऊन, कुठेही न दाबता दहा बिटांत साठवायचे. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीच्या पाल पद्धतीच्या चित्राच्या दृश्य ओळी 576 आणि सेकंदाला चौकटी 25. हिशेब केला तर तासाला सुमारे 93 जीबी होतात. एफएफव्ही1 या पद्धतीत साठवले की एकही बिंदू न गमावता आकार जवळपास निम्म्यावर येतो. सगळ्याच्या तीन प्रती, त्यांतली एक पुण्याला त्यांच्या मुलीकडे.

एका गोष्टीवर मी अडून बसले. जुन्या चित्रणात प्रत्येक चौकट दोन अर्ध्या चित्रांची असते. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम ओळी, अशी सेकंदाला 50 अर्धी चित्रे. आजच्या पडद्यासाठी ही अर्धी चित्रे घाईने जोडली की हलणाऱ्या वस्तूच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात, आणि ते टाळायला अर्धी चित्रे टाकून दिली की हालचालीचा निम्मा भाग जातो. अण्णांच्या रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, चित्रणात राजवाड्यासमोर टँकरवरून उडणाऱ्या रंगीत पाण्याचा फवारा तीन मजल्यांपर्यंत चढतो आणि तिथे क्षणभर फुटून खाली येतो. तो फुटण्याचा क्षण पन्नासांतल्या प्रत्येक अर्ध्या चित्रात वेगळा आहे. म्हणून पाहण्याच्या प्रतीत 50 पूर्ण चौकटी करायच्या असे ठरवले. वेळ दुप्पट लागेल, लागो.

4 ऑगस्ट 2024

हरसूदच्या कॅसेटी आज उतरवल्या. यांबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणात खंडवा जिल्ह्यातले हरसूद हे गाव बुडाले. 28 सप्टेंबर 1989 रोजी देशभरातले लोक याच गावात जमले होते आणि विनाशकारी विकासाला विरोध करण्याचा संकल्प तिथे झाला होता. पुढे पंधरा वर्षांनी, 30 जून 2004 पर्यंत गाव रिकामे करण्याचा आदेश निघाला. खंडवा-इटारसी लोहमार्गाचा त्या बाजूचा भागही बुडिताखाली येत असल्याने वळवला गेला, आणि छनेऱ्याजवळ नवे हरसूद वसवण्यात आले. लोकांनी आपापली घरे आपल्याच हातांनी पाडली, कारण चौकट, पत्रे, विटा जेवढ्या वाचतील तेवढ्या नव्या जागी न्यायच्या होत्या. इंदूरचे बहुतेक कॅमेरामन त्या दिवसांत तिथे होते. मीही तेव्हा रोज संध्याकाळी येणाऱ्या कॅसेटींतून दीड-दोन मिनिटांच्या बातम्या बांधत होते. तीन सेकंद हातोडा, चार सेकंद ट्रॅक्टर, मग बाइट, मग पुन्हा ढिगारा. बातमीची चाल तीच असते आणि तिला इलाज नसतो.

आज ती चित्रे पूर्ण लांबीने पाहिली. एका घरासमोर अण्णांनी कॅमेरा तिवईवर लावला आहे. भिंत पडलेली आहे, पण दाराची चौकट उभी आहे. एक म्हातारा आणि बहुधा त्याचा नातू, चौकटीच्या पायथ्याची माती पहारीने सैल करत आहेत. पहिली दोन-तीन मिनिटे फक्त पहारीचा आवाज आणि मागे कुठेतरी पत्रे आपटल्याचा आवाज. मग चौकट हलते. मुलगा ती धरतो. म्हातारा पहार खाली ठेवतो, खिशातून रुमाल काढतो आणि चौकटीवरच्या गणपतीची फरशी आधी पुसून घेतो. त्यानंतरच चौकट आडवी होते. दोघे ती उचलून चौकटीतून बाहेर जातात, म्हणजे अण्णांच्या कॅमेऱ्याच्या चौकटीतून. अण्णा त्यांच्यामागे पॅन करत नाहीत, म्हणजे कॅमेरा वळवत नाहीत. जिथे दार होते ती जागा पुढे मिनिटभर तशीच दिसते. मधून एक शेळी येते, जिथे उंबरा होता तिथे थबकते आणि मग पलीकडे जाते.

बातमीत यातले काय गेले होते ते मी जुन्या यादीत शोधले. पहारीचे तीन सेकंद गेले होते.

हा शेवटचा मिनिट अण्णांच्या प्रत्येक चित्रणात असतो. माणसे निघून गेल्यावर, बाइट संपल्यावर, वार्ताहर गाडीत बसल्यावर ते कॅमेरा बंद करत नसत. कार्डावर त्याची नोंद ‘जागा’ अशी एका शब्दात असे. वार्ताहर खोळंबत, चालक भोंगा वाजवत, काही कॅसेटींत तो भोंगाही ऐकू येतो आणि त्यावर अण्णांचा शांत आवाज : “हो, आलोच.” त्यानंतरही चित्र वीस-पंचवीस सेकंद चालूच राहते.

18 ऑगस्ट 2024

लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी बाजूला काढल्या. अण्णांचा व्यवसाय ऐंशीच्या दशकात त्याच कामाने सुरू झाला होता. त्या घरगुती आहेत आणि ज्यांच्या आहेत त्यांच्या संमतीखेरीज उघडायच्या नाहीत. वहिनी कार्यालयांच्या आणि घराण्यांच्या आठवणीवरून जमेल तितक्या कुटुंबांचा पत्ता लावणार आहेत.

1 सप्टेंबर 2024

महेश्वर. या कॅसेटी पाहताना अण्णांचे गाण्याचे वेड आणि त्यांचे चित्रण यांतला दुवा मला प्रथमच स्पष्ट दिसला.

अण्णांना कॅमेऱ्याइतकेच प्रेम उस्ताद अमीर खाँ यांच्या गाण्याचे होते. खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगिये होते आणि खाँसाहेबांचे बालपण इंदुरातच गेले, याचा अण्णांना घरच्या माणसासारखा अभिमान असे. 13 फेब्रुवारी 1974 रोजी खाँसाहेब कलकत्त्यात अपघातात गेले, तेव्हा अण्णा शाळकरी होते. त्यांना प्रत्यक्ष ऐकण्याचे राहून गेले ही हळहळ त्यांनी मला अनेकदा बोलून दाखवली. चौदा मात्रांच्या झूमऱ्यातला तो अतिविलंबित ख्याल, ज्यात सम येईपर्यंत नवख्या श्रोत्याचा धीर सुटतो, अण्णा रात्री गाडीतून परतताना लावत. चालकांना झोप यायची, म्हणून ते त्यांना मागे झोपू देत आणि स्वतः गाडी चालवत.

महेश्वरच्या चित्रणात एक पॅन आहे. अहिल्याबाईंच्या वाड्याच्या तटबंदीपासून सुरू होऊन घाटाच्या पायऱ्यांवरून नर्मदेच्या पाण्यापर्यंत कॅमेरा उजवीकडे सरकतो. बातमीतला पॅन पाच-सात सेकंदांचा असतो. हा सव्वा मिनिटाचा आहे आणि तिवईवर हाताने केलेला असूनही त्यात एकही हिसका नाही. वाटेत धुणाऱ्या बायका येतात, नावाडी येतो, एक कुत्रे येते, आणि कॅमेरा कुणासाठी थांबत नाही की कुणासाठी घाई करत नाही. जिथे पॅन संपतो तिथे त्याच क्षणी घाटावरच्या देवळातली घंटा वाजते. योगायोग असेल असे मला वाटले होते. पण त्याच कॅसेटवर त्याआधी तोच पॅन आणखी दोनदा आहे. आरतीची वेळ धरून, घंटा ज्या क्षणी वाजेल त्या क्षणी पाण्यावर पोचायचे, असा त्यांचा प्रयत्न चालला होता आणि तो तिसऱ्यांदा साधला. साधल्यावर कॅमेऱ्याच्या मागून एक हलकीशी दाद ऐकू येते. स्वतःला दिलेली.

मग हातमागाचे चित्रण आहे. महेश्वरी साडीच्या काठांवर किल्ल्याच्या भिंतींतली नक्षी येते, चटई, वीट, हिरा, चमेलीचे फूल, हे माहितीपटाच्या निवेदनात आम्ही सांगितलेच होते. रेहवा सोसायटीने 1979 पासून तिथल्या विणकरांना पुन्हा उभारी दिली तेही सांगितले होते. अण्णांनी मात्र विणकर बाईंच्या पायांवर आणि धोट्याच्या आवाजावर बराच वेळ काढला आहे. एका पायाने पावडी दाबली जाते, धोटा जातो, फणी ठोकली जाते. ही लय स्थिर असते, पण काठाची नक्षी बदलली की तीत किंचित थांबा येतो. अण्णांना तो थांबा सापडला होता. कार्डावर लिहिले आहे : ‘काठ बदलताना ऐकणे.’

17 सप्टेंबर 2024, अनंत चतुर्दशी

आज रात्री गिरण्यांच्या झाँक्या निघतील. त्या पाहायला जाण्याआधी दिवसभर अण्णांच्या झाँक्यांच्याच कॅसेटी लावल्या. संग्रहात सर्वांत जास्त कॅसेटी या एका रात्रीच्या आहेत. जवळजवळ प्रत्येक वर्षीची एक तरी.

इंदूरच्या बाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या कापड गिरण्यांतल्या कामगारांनी गणेशोत्सवाच्या शेवटच्या रात्री दिव्यांनी सजवलेली फिरती दृश्ये गाड्यांवरून शहरातून मिरवण्याची परंपरा बांधली. पुढे आखाडे चालतात, मागे झाँक्या, आणि सारे शहर रात्रभर रस्त्यावर असते. गिरण्या बंद पडल्या. हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद झाली, आणि तिथल्या कामगारांच्या देण्यापोटी 224 कोटी रुपयांचा धनादेश निघायला 25 डिसेंबर 2023 उजाडला. मधली बत्तीस वर्षे देणी थकलेली असताना या कामगारांनी झाँकी मात्र थांबू दिली नाही. वर्गणी काढून, उसने घेऊन ती उभी केली.

अण्णांचा कॅमेरा झाँकीच्या पुढच्या बाजूला फारच थोडा वेळ असतो. देवादिकांची दृश्ये, हलणारे हात, फिरणारी चक्रे टिपून झाली की ते गाडीच्या मागे जातात. तिथे एक माणूस बसलेला असतो. त्याच्यासमोर मोटरीवर फिरणारा लाकडी रूळ आहे, रुळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकल्या आहेत, आणि पट्ट्यांना घासणाऱ्या पत्र्याच्या जिभांतून वीज दिव्यांच्या माळांना जाते. पट्टी जिथे तुटते तिथे माळ विझते, जिथे सुरू होते तिथे पेटते. पुढच्या बाजूला वाहणारी गंगा दिसते ती या रुळावर. माणसाच्या हातात कापडाची चिंधी आहे, ठिणगी जास्त उडाली की तो पट्टी पुसतो. गाडी राजवाड्यापाशी येते, लोक टाळ्या वाजवतात, आणि तो माणूस मान वर न करता पट्ट्यांकडे पाहत राहतो. टाळ्यांचा आवाज पलीकडून येतो आहे आणि कॅमेरा त्या हातांवर आहे. हे चित्र सुमारे नऊ मिनिटांचे आहे.

या कॅसेटींवर वर्ष लिहिलेले नसले तरी कॅमेऱ्याचा काळ ओळखता येतो. सुरुवातीच्या चित्रणात दिवे हलले की प्रत्येक दिव्यामागे धूमकेतूसारखी लांब शेपटी उमटते. त्या काळच्या कॅमेऱ्यांत चित्र काचेच्या नळीवर पडे आणि तेजस्वी बिंदूचा ठसा नळीवर काही क्षण रेंगाळे. पुढे नळीऐवजी सीसीडी ही प्रकाश टिपणारी चिप आली तेव्हा शेपट्या गेल्या आणि त्यांच्या जागी प्रखर दिव्याच्या वर-खाली उभी प्रकाशरेघ दिसू लागली. दोन्ही तांत्रिक दोषच, पण अण्णा त्यांच्याशी जुळवून घेऊन चित्र लावत. नळीच्या काळात ते दिव्यांच्या माळा हळू तिरक्या सरकू देत, म्हणजे शेपट्या एकाच दिशेला पडत आणि गर्दीतून प्रकाश वाहतो आहे असे वाटे. सीसीडीच्या काळात त्यांनी कॅमेरा खाली आणला आणि सर्वांत प्रखर दिवा चौकटीबाहेर ठेवला.

रंगाचाही प्रश्न आज सुटला. पिवळ्या दिव्यांत व्हाइट बॅलन्स 3200 केल्व्हिनवर ठेवतात, म्हणजे पांढरे पांढरे दिसते. अण्णांच्या झाँक्या नारिंगीकडे झुकलेल्या आहेत, कारण त्यांनी बॅलन्स मुद्दाम दिवसाच्या प्रकाशाचा, 5600 चा ठेवला होता. कार्डांवर तसे लिहिलेच आहे. अंकीकरणात मदत करणाऱ्या मुलाने रंग ‘दुरुस्त’ करून आणला होता. तो परत मूळचा केला. ज्या रात्री सारे शहर पिवळ्या उजेडात नाहलेले असते ती रात्र तशीच दिसली पाहिजे.

29 सप्टेंबर 2024

बीटाकॅमचा डेक अडला. हेड साफ केले : शॅमॉय कातड्याचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला टेकवून धरायचा आणि ड्रम हाताने फिरवायचा, कातडे वर-खाली घासले तर हेडचे टोक तुटते. तरी चित्र येईना. महाराणी रोडवरच्या एका जुन्या कारागिराने पट्टा बदलून दिला आणि पैसे घेतले नाहीत. अण्णा त्यांच्याकडेच डेक आणत असत.

13 ऑक्टोबर 2024

दसरा काल झाला. आज कार्यक्रमाचा आराखडा ठरवायचा होता आणि त्यावर बराच वाद झाला.

साधारण अपेक्षा अशी होती की मी अर्ध्या तासाचा एक नेटका माहितीपट कापावा. त्यात अण्णांचे बालपण, संघर्ष, सहकाऱ्यांच्या मुलाखती, मागे सतारीचे सूर आणि मधून मधून त्यांची उत्तम चित्रे असावीत. असा पट मला करता येतो, तेच माझे काम आहे. परंतु त्या पटात अण्णांच्या प्रत्येक चित्राला पुन्हा तीन सेकंद मिळतील आणि त्यांवर दुसऱ्या कुणाचा तरी आवाज असेल. ज्या माणसाने आयुष्यभर आपल्या चित्रांना लांबी मिळावी म्हणून भोंगे ऐकले, त्याची आठवण त्याच्या चित्रांना आणखी आखूड करून जागवणे मला रुचत नाही.

म्हणून मी असे सुचवले की आठ चित्रे निवडावीत आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न कापता, मूळ आवाजासह, एकामागून एक दाखवावीत. निवेदन नाही, संगीत नाही. दोन चित्रांच्या मध्ये पडद्यावर अण्णांचे कार्ड, त्यांच्या अक्षरात. काहींना शंका वाटली की लोक चुळबुळ करतील. एका सद्‌गृहस्थांनी नऊ मिनिटे रुळावरचे हात कोण पाहील असे विचारले. वहिनी तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “ज्यांना कंटाळा येईल त्यांनी चहा घ्यायला बाहेर जावं. चित्र थांबवू नका.” ठरले.

निवडीत एक क्रिकेटचे चित्रही घेतले. 25 डिसेंबर 1997 रोजी नेहरू स्टेडियमवर भारत-श्रीलंका एकदिवसीय सामना खेळपट्टी धोकादायक असल्यामुळे तीन षटकांनंतर सोडून द्यावा लागला. अण्णा बाहेर रस्त्यावर होते. ट्रान्झिस्टर कानाला लावलेल्या माणसांच्या घोळक्यातून ती बातमी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कशी सरकत जाते, प्रत्येक जण शेजाऱ्याकडे वळून आधी अविश्वासाने पाहतो आणि मग मान हलवतो, हे एकाच सलग चित्रात आहे. सी. के. नायडूंच्या शहरातल्या माणसांचे चेहरे त्या दिवशी कसे पडले होते ते त्यात दिसते.

10 नोव्हेंबर 2024

छनेऱ्याला जाऊन आलो. हरसूदच्या चित्रणाची प्रत सोबत नेली होती, कारण ज्यांची घरे त्यात आहेत त्यांना न विचारता ती इंदुरात दाखवणे अण्णांना आवडले नसते. तिथल्या काही बुजुर्गांनी एका दुकानात लॅपटॉपभोवती बसून सारे पाहिले. दाराची चौकट दिसताच दोघा-तिघांनी एकदम घर ओळखले. म्हातारे आता नाहीत. त्यांचा नातू तालुक्याच्या गावी काम करतो, त्याला फोनवर बोलावले गेले. तो आला, त्याने ते चित्र दोनदा पाहिले आणि आम्हाला आपल्या घरी नेले. ती चौकट आज त्यांच्या मागच्या खोलीला आहे. वरच्या गणपतीची फरशी मात्र पुढच्या दारावर बसवली आहे. त्याने चित्र दाखवायला आनंदाने संमती दिली आणि आजोबांचे नाव सूचीत लिहायला सांगितले. तसे लिहिले. ‘व्यक्ती’ या रकान्यातले, अण्णांनी न लिहिलेले, हे पहिले नाव.

24 नोव्हेंबर 2024

काल कार्यक्रम झाला. सभागृह भरले होते आणि अनेक जण मागे उभे होते. गिरण्यांच्या भागातून आलेले सात-आठ वृद्ध कामगार पुढच्या रांगेत बसले होते; त्यांना अण्णांच्या शिष्यांनी गाडी करून आणले होते.

महेश्वरच्या पॅनला शेवटी घंटा वाजली तेव्हा सभागृहातून दाद आली, गाण्याच्या बैठकीत समेवर येते तशी. हरसूदच्या रिकाम्या जागेवर शेळी थबकली तेव्हा कुणी हलले नाही. रूळ दिसताच पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली आणि मग उघड वाद झाला. एकाच्या मते तो रूळ हुकुमचंदचा, दुसऱ्याच्या मते कल्याणचा. पट्ट्या तिरक्या ठोकण्याची युक्ती कुणाची यावर तिसऱ्याने चौथ्याला खडसावले. चिंधी धरलेल्या माणसाचे नाव मात्र सगळ्यांनी एकाच वेळी घेतले. मागून कुणीतरी शांत राहायला सांगितले, तेव्हा वहिनींनी उठून, त्यांना बोलू द्या, असे सांगितले. नऊ मिनिटे अपुरी पडली. चित्र संपल्यावर कामगारांनी ते पुन्हा लावायला सांगितले आणि आम्ही लावले.

कार्यक्रमानंतर मी वही घेऊन त्यांच्यात बसले. झाँकीच्या त्या एका कॅसेटच्या रकान्यात आता अकरा नावे आहेत, त्यांपैकी चार जण हयात आहेत. आखाड्यातल्या पोरांची, माळा बांधणाऱ्या बायकांची, गाडी ओढणाऱ्या बैलांच्या मालकाचीही नावे त्यांना ठाऊक आहेत. बाकीच्या वर्षांच्या कॅसेटी त्यांनी अजून पाहिलेल्या नाहीत. वहिनींनी आपल्या घरी दर रविवारी सकाळी त्यांना बोलवायचे ठरवले आहे. पुढच्या रविवारी सुरुवात मिल बंद पडल्यानंतरच्या पहिल्या झाँकीच्या, म्हणजे 1992 च्या कॅसेटपासून करायची आहे. ती बुरशीच्या डब्यातून परवाच बाहेर काढली आणि पुसून पाहिली तर चित्र स्वच्छ आहे.